घासलेले दिवे

शरणम्मांच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र वैरागहून आलं होतं, त्यांच्या लेकीच्या अक्षरात. शरणम्मांना लिहिता येत नाही, आणि मराठीही त्या कानडी वळणानंच बोलतात. पण लेकीनं आईचे शब्द फारसे बदलले नसावेत, कारण वाचताना मला त्यांचा आवाज ऐकू येत होता.

‘मास्तर, गुरुलिंग तुमच्या हाताखाली शिकला. तो म्हणायचा, छापलेलं असेल ते मास्तरांनी वाचलेलं असतं. म्हणून विचारते. दिव्याच्या अवसेला मी मोटारीचे दिवे घासले. आधीच्या वर्षी घासले, यंदाही घासले. काच त्यानंच काढून दिली. असं घासल्यानं उजेड जातो का? माझ्या हातून काही झालं असेल तर तसंच लिहावं. समजूत घालणारे घरात पुष्कळ आहेत.’

पत्र आलं तेव्हा त्यांच्या थोरल्या मुलाला, गुरुलिंगला, जाऊन तीन-चार महिने झाले होते. मी त्याच संध्याकाळी कागद घेऊन बसलो. ‘आपलं पत्र पावलं’ एवढं लिहिलं आणि थांबलो. मला खरंच माहीत नव्हतं. मोटारीवरची दोन इंग्रजी पुस्तकं मी सांभाळतो त्या वाचनालयात होती, ती मी वाचली होती, कारण दुसरं कुणी वाचत नव्हतं. पण पुस्तकात आकृत्या असतात, तुळशीपुढे बसून दिवे घासणारी बाई नसते. ‘नाही’ लिहावं तर ते खोटं ठरायची भीती. ‘हो’ लिहिणारा हात माझ्याकडे नव्हता. उद्या लिहू म्हणून पत्र खणात ठेवलं, आणि मग उशीर झाला म्हणून लिहायची लाज वाटू लागली. माझ्या आयुष्यात बऱ्याच गोष्टी अशाच राहून गेल्या आहेत.

दिव्याच्या अवसेला आपल्याकडे काय करतात हे सांगायला नको. आषाढ संपताना घरातले सगळे दिवे बाहेर निघतात. समई, निरांजन, कंदील, गोठ्यातली चिमणीसुद्धा. चिंच आणि राख लावून लखलखीत करतात, पाटावर मांडून पूजा होते, कणकेचे दिवे उकडतात. शरणम्मांच्या दारात मोटार उभी होती आणि तिला दोन दिवे होते. घरात दिवा आहे आणि अवसेला तो घासलेला नाही, हे त्यांच्यानं झालं नसतं.

मोटार गुरुलिंगनं हौसेनं घेतली होती. सुताचा धंदा बरा चालला होता, आणि गिरणीतला एक गोरा इंजिनिअर विलायतेला परत जाताना ती विकत होता. दोनच माणसांची, उघडी, मागं नावेसारखी निमुळती. बॉनेटवर चामड्याचा पट्टा, घोड्याच्या पोटाला असतो तसा. शर्यतीची गाडी म्हणायचे तिला, पण तेव्हाच ती दहा वर्षांची जुनी होती. गुरुलिंग एकदा वाचनालयापुढे ती थांबवून मला म्हणाला होता, “मास्तर, बसा की. पुस्तक घेऊनच बसा, वारा पानं उलटतोय तुमच्यासाठी.” मी बसलो नाही.

श्रावण लागला त्याच आठवड्यात तो अक्कलकोटहून रात्री परत येत होता. ओढ्याजवळच्या वळणावर पावसानं रस्त्याची कड खचली होती. गाडी तिथून खाली गेली.

पुढं शरणम्मा लेकीकडे वैरागला गेल्या त्या परत आल्या नाहीत. गाडी धाकट्या तिप्पण्णानं दुरुस्त करून घेतली. लोकांना ते आवडलं नव्हतं.

यंदा ज्येष्ठात तिप्पण्णा वाचनालयात आला. वर्तमानपत्र उघडून बसला, पण पान उलटेना. सगळे गेल्यावर माझ्या टेबलाशी आला.

“मास्तर, गाडीचे दिवे वाढवायचे आहेत.”

“मग मिस्त्रीला सांग ना.”

“हिंदुराव मिस्त्रीला सांगितलं. तो म्हणतो लॉरीचे बसवू, डबड्याएवढे. तुम्ही वाचलेलं आहे, तुम्ही या.” मग जरा थांबून म्हणाला, “उजेड फारच कमी आहे. दिवा लावला की पुढं नुसतं पिवळं होतं, दिसत काही नाही. आणि त्या पिवळ्यात गेलं की दादा शेजारी बसल्यासारखा वाटतो. ती सीट करकरते.”

“जुनी सीट आहे.”

“तसंच म्हणतो मीही. ओढ्याजवळच करकरते, एवढंच.”

खणात पत्र होतं आणि माझा गुडघा त्या खणाला टेकला होता.

“धनगरवस्तीवरचे लोक काय म्हणतात ऐकलं?” तिप्पण्णा म्हणाला. “अवस झाली की वळणावर दोन पिवळे दिवे येतात म्हणे. आवाज नाही, धूळ नाही. मी घरी असतो हो मास्तर. गाडी माझ्या दारात असते.”

दुसऱ्या दिवशी मी हिंदुरावाच्या शेडवर गेलो. हिंदुराव मूळचा माळशिरसचा, पूर्वी लॉरी चालवायचा, आता सोलापुरात मिस्त्रीकाम करतो. तोंडाचा फटकळ, पण कामात वाकडा नाही. मला बघून त्यानं हात पुसले.

“या मास्तर. पुस्तक आनलं न्हाय?”

“आणलं आहे,” मी पिशवी दाखवली.

“मंग लावा त्येलाच गाडीला. मी बसतो सावलीला.”

तिप्पण्णा हसला. मीही हसलो असेन. मग धीर करून म्हणालो की लॉरीचे दिवे या गाडीचा डायनॅमो ओढणार नाही, बॅटरी उतरेल.

“त्ये खरं हाय,” हिंदुराव म्हणाला. “पर आदी ह्येंच्या पोटात काय हाय त्ये तरी बघू की.”

त्यानं डाव्या दिव्याच्या कडीचा स्क्रू काढला, काच बाजूला केली, बल्ब उपसला आणि आतली वाटी उन्हाकडे धरली. मी पुस्तकात वाचलं होतं की ती वाटी चांदीची असते, पितळेवर चांदीचा पातळ मुलामा, आरशासारखा. बल्ब कितीही मोठा घाला, उजेड पुढं फेकते ती ही वाटी. हिंदुरावाच्या हातातली वाटी पिवळी होती. सगळी पितळेची. कडेला, कडीखाली जिथं बोट पोचत नाही, तिथं मात्र चांदीची एक पांढरी रेघ उरली होती. आणि वाटीभर बारीक ओरखडे होते, गोल गोल, एकात एक.

“आयला,” हिंदुराव म्हणाला. “ह्ये तर तांब्यावानी घासलंय कुनीतरी. राख लावून. कुना येड्याचं काम म्हनायचं?”

मी खाली बघितलं. तिप्पण्णानं वाटी हातात घेतली. ओरखड्यांवरून अंगठा फिरवला, गोल, जसा घासणारीचा हात फिरला असेल तसा. मग त्यानं वाटी हळूच गाडीच्या पायरीवर ठेवली.

“अव्वा,” तो म्हणाला. घरात आईला अव्वाच म्हणत.

हिंदुरावाला कळलं असावं. तो पाणी प्यायला आत गेला.

“वैरागला ती दिव्याला हात लावत नाही,” तिप्पण्णा म्हणाला. “संध्याकाळी अक्का दिवा लावते आणि अव्वा तोंड फिरवून बसते. अवसेला तर खोलीच्या बाहेर येत नाही. मला वाटायचं, दादासाठी काही नेम धरला असेल. मास्तर, तिला हे माहीत आहे का?”

“त्यांना संशय आहे.”

“तुम्हाला कसं ठाऊक?”

मी सांगितलं. पत्र कधी आलं तेही सांगितलं. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत राग असता तर मला सोपं गेलं असतं.

“आता उत्तर लिहू नका,” तो शेवटी म्हणाला. “लिहायचंच असेल तर घासल्यानं काही होत नाही म्हणून लिहा. तुमचं ऐकेल ती.”

“त्यांनी समजूत मागितलेली नाही रे.”

“मागायला कशाला पाहिजे? आई आहे ती.”

उजेड कमी झाला हे दिसत असलं, तरी त्या वळणावर त्यानं फरक पडला असता की नाही, हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. मी चाचरत हिंदुरावाला विनंती केली की एकाच वाटीला मुलामा द्यावा आणि दुसरी तूर्त तशीच ठेवावी. दोन्ही दिव्यांचे बल्ब मात्र नवे घालावेत, तारा नव्या ओढाव्यात.

“एक डोळा चांगला नि एक फुटका?” हिंदुराव म्हणाला. “ह्ये बी पुस्तकात हाय का?”

“नाही. हे मला बघायचं आहे.”

त्यानं पुन्हा थट्टा केली नाही.

सराफ कट्ट्यावरच्या सोनाराकडून वाटी आली तेव्हा तिच्याकडे बघवत नव्हतं, इतकी ती पांढरी होती. हिंदुरावानं ती डाव्या दिव्यात बसवली. बल्ब थोडा पुढं, थोडा मागं करत भिंतीवर उजेडाचा गोळा घट्ट होईपर्यंत तो मला विचारत राहिला, “आता? आता?” पुस्तकात हे होतं, आणि माझ्या सांगण्याचा कुणाला उपयोग झाला तो एवढाच.

अंधार पडल्यावर आम्ही निघालो. मी गुरुलिंगच्या गाडीत पहिल्यांदा बसलो. तिप्पण्णा चालवत होता, हिंदुराव बाहेर पायरीवर उभा, एका हातात घोंगडी. ज्येष्ठ वद्य संपत आलं होतं, चंद्र नव्हता. सीट करकरत होती, पण ती माझ्याखाली होती, त्यामुळे मी स्वतःला सांगत होतो की हा माझाच भार आहे.

ओढा ओलांडून आम्ही पुढं गेलो आणि गाडी वळवून घेतली, कारण गुरुलिंग तिकडून येत होता. हिंदुरावानं चांगल्या दिव्यावर घोंगडी टाकली. घासलेला दिवा तेवढा उरला. तिप्पण्णानं गाडी अगदी हळू सोडली.

पुढं पिवळं धुकं असावं तसं झालं. रस्ता होता, पण तो माझ्या मनात होता म्हणून होता. बाभळीची एक फांदी आली आणि गेली. वळण केव्हा सुरू झालं हे मला कळलंच नाही. तिप्पण्णानं ब्रेक लावला. खाली उतरून बघितलं तर नव्यानं बांधलेल्या कडेचा चुना लावलेला दगड चाकापासून दोन हातांवर होता. चुना लावलेला. आणि तो आम्हाला दिसला नव्हता.

“पुन्यांदा,” हिंदुराव म्हणाला.

गाडी मागं घेतली. आता घोंगडी घासलेल्या दिव्यावर टाकली. चांगल्या दिव्याचा झोत उठला आणि रस्ता एकदम समोर आला, खडी, चाकोरी, शेणाचा पो, सगळं. दगड लांबूनच दिसला. पांढरा, दातासारखा. त्याच्यापलीकडे रस्ता कुठं वळतो तेही दिसलं. थांबायला, उतरायला, विडी पेटवायलाही वेळ मिळाला असता.

तिप्पण्णानं स्टिअरिंगच्या चाकावर कपाळ टेकलं. मला वाटलं, विचारलं होतं ते उत्तर हे आहे, आणि ते मी आणलं आहे, माझ्या पुस्तकातनं, माझ्या हट्टानं. त्यापेक्षा पत्र खणात कुजलेलं बरं होतं.

झोत वस्तीपर्यंत पोचला होता. तिथनं एक म्हातारी काठी टेकत आली, डोळ्यांवर हात धरून. मागं कुत्रं.

“कोन हाय? मेंढरं बुजत्यात की. इझवा त्ये.”

तिप्पण्णानं दिवा विझवला. म्हातारी गाडीजवळ आली आणि बॉनेटचा पट्टा चाचपला.

“ह्यीच गाडी,” ती म्हणाली. “तू धाकला व्हय?”

तिचं नाव गोजाबाई. वस्ती तिच्या दिराची आणि तिची. तिप्पण्णानं विचारलं, दादाला ओळखत होता का.

“वळखायचं काय त्यात. हितनं गेला की पोंगा वाजवायचा माज्या नातवंडांसाटनं. त्या रातीला बी थांबला हुता. पल्याड, वळनाच्या आलीकडं.”

“थांबला होता?” मी विचारलं.

“व्हय. पाऊस उघडला हुता. खाली उतरला, उपरन्यानं दिवं पुसायला लागला. म्या म्हनलं, काय रं, वात सरली का? तर हसला. म्हनला, गोजाबाई, आमची अव्वा लई कामाची. अवसंला मोटारीचं बी दिवं घासून पितळ केलं बघ. म्या म्हनलं, मंग सांग की तिला. म्हनला, न्हाय बाई, लई हौसंनं घासती. फुडल्या म्हयन्यात गपचिप नवं घालतो, तिला कळायचं बी न्हाय.”

तिप्पण्णानं मान वर केली होती.

“म्या म्हनलं, ऱ्हा हितं. दीर बाजंवर झोपतो, तू बी झोप. पानी झालंय, रस्ता कसा हाय कुनाला ठावं. दोनदा म्हनलं. तर म्हनला, ह्यो रस्ता मला पाठ हाय, दिवं नसलं तरी जाईन. आन गेला.” तिनं पट्ट्यावरचा हात काढला. “पोलीस आलं तवा कुनी मला इचारलं न्हाय. मी बी सांगाय गेले न्हाय. मेल्याली मानसं सांगू नगा म्हनली असली तर कसं सांगायचं?”

“आणि ते पिवळे दिवे?” तिप्पण्णानं विचारलं.

“येत्यात की.” तिनं ते शेळी व्याली सांगावं तसं सांगितलं. “अवस झाली की येत्यात. हितं उभं ऱ्हात्यात. कुनाला काय करत न्हाईत. मी म्हनती, ऱ्हा बाबा हितंच. तरी जात्यात.”

आम्ही निघालो. दोन्ही दिवे उघडे होते, एक पांढरा, एक पिवळा, आणि पांढऱ्यापुढे पिवळा असून नसल्यासारखा. वळण मागं पडल्यावर मी वळून बघितलं. का बघितलं ते सांगता येत नाही. मागं रस्त्यावर दोन पिवळे ठिपके होते. शेजारी शेजारी, जमिनीलगत. बैलगाडीला कंदील एकच असतो, आणि तो डोलतो. हे डोलत नव्हते. मी हिंदुरावाला हाक मारणार होतो, पण तो पुढं बघत होता आणि त्यानं पायरीची दांडी फार घट्ट धरली होती. पुन्हा बघितलं तेव्हा अंधारच होता. माझी नजर अधू आहे, मोतीबिंदूही आहे. मी याबद्दल काहीच ठामपणे म्हणत नाही.

शेडवर पोचल्यावर हिंदुरावानं काही न सांगता दुसरी वाटीही उपसून घेतली, सकाळी सोनाराकडे द्यायला. तिप्पण्णा मला घरापर्यंत सोडायला चालत आला.

“मास्तर, लिहा,” तो म्हणाला.

“काय लिहू?”

“दगडाचं लिहा. आणि गोजाबाईचंही सगळं लिहा. तो हसला ते पण.”

“दोन्ही लिहिलं तर अव्वांना जड जाईल. तो थांबला होता, राहू शकला असता, हे कळणं काही कमी नाही.”

“आताही जडच आहे की. आता ती एकटीच उचलते. दादालाही थोडं उचलू दे.”

मी पाच कागद फाडले. एकात मी इतका पुस्तकी झालो होतो की वाटीचा आकार समजावत बसलो होतो. एकात क्षमाच जास्त मागितली होती, आणि ती वाचून दाखवताना त्यांच्या लेकीला कंटाळा आला असता. एकात मी दगड दिसल्याचं गाळलं होतं. तो कागद मी सगळ्यात उशिरा फाडला. शेवटी लिहिलं ते असं:

‘सौ. शरणम्मा यांस’ असं हात सवयीनं लिहू लागला, पण त्यांचे यजमान कधीच वारले होते, म्हणून ते खोडलं. नव्या कागदावर नुसतं ‘शरणम्मा यांस’ लिहिलं.

‘तुम्ही विचारलं त्याचं उत्तर द्यायला मला फार वेळ लागला. मला ठाऊक नव्हतं. आता बघून लिहितो आहे. राखेनं घासल्यानं मोटारीच्या दिव्याची चांदी जाते आणि उजेड कमी होतो. तुमच्या घासण्यानं तो कमी झाला होता. चांगल्या दिव्यानं त्या वळणाची कड लांबून दिसते, घासलेल्या दिव्यानं दिसत नाही. हे मी स्वतः पाहिलं.

‘दुसरं असं की, गुरुलिंगला हे माहीत होतं. त्या रात्री तो वळणाआधी थांबला होता. वस्तीवरच्या गोजाबाईंनी त्याला राहा म्हणून दोनदा सांगितलं. तुम्ही दिवे घासून पितळ केले हे त्यानं त्यांना हसत सांगितलं. तुम्हाला कळू न देता नवे घालणार होता. रस्ता पाठ आहे म्हणाला आणि निघाला. राहायला जागा होती, बाज होती. तो आपल्या मनानं निघाला.

‘यातलं कुठलं जास्त खरं, ते मला ठरवता येत नाही. मी दोन्ही लिहिली आहेत. गोजाबाई अजून तिथंच आहेत. तुम्हाला भेटायचं असेल तर तिप्पण्णा घ्यायला येईल. गाडीला आता चांगले दिवे आहेत.’

पिवळ्या ठिपक्यांचं मी लिहिलं नाही. त्याची खात्री नव्हती, आणि त्यांनी ते विचारलंही नव्हतं.

पाकिटावर पत्ता घालून मी टपालकचेरीत गेलो. खिडकीशी गर्दी होती म्हणून बाहेरच्या पेटीपाशी थांबलो. तिकीट नीट बसलं आहे का ते पुन्हा बघितलं. पाकीट फटीत सरकवलं, तरी बोटांतून सुटेना. मागं एक पोरगी कार्ड घेऊन उभी होती.

“आजोबा, टाका की,” ती म्हणाली.

मी टाकलं.